तीन वर्तुळांचा ससा

नदीकाठच्या एका नगरात एकदा एक वृद्ध चित्रकार राहत असे. गोष्टीतल्या वृद्धांना सहसा शुभ्र दाढी, प्रसन्न मुद्रा आणि झाडाखालचा आश्रम असतो. या वृद्धाजवळ यातले काहीच नव्हते. दाढी तो आठवेल तेव्हा करी, मुद्रा बहुधा त्रासलेली असे, आणि आश्रम म्हणाल तर वीटभट्टीच्या कडेला चार बांबूंवर टाकलेला एक पत्रा. उभे आयुष्य त्याने शाळेत चित्रकला शिकवली होती. निवृत्त झाल्यावर त्याचे सोबती तीर्थयात्रेला लागले, हा भट्टीवर जाऊ लागला. दुपारी कामाला जरा उसंत मिळाली की तिथली लहानगी पत्र्याखाली जमत आणि हा त्यांना कार्टूनमधले प्राणी काढायला शिकवी.

ज्यांनी भट्टी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दिवाळी आटोपली की दूरदूरच्या गावांहून कुटुंबे तिथे येतात. नवरा माती मळतो, बायको साच्यातून विटा पाडते, आणि ओळीने मांडलेल्या ओल्या विटा वाळाव्यात म्हणून त्या उलटण्याचे काम मुलांकडे येते. जी मुले त्याहूनही लहान असतात ती मोठ्या बहिणीच्या कडेवर असतात. एका भट्टीवरचे काम कमी झाले की मुकादम ट्रक आणतो आणि कुटुंबाला दुसरीकडे नेतो. कुठे नेतो, हे बऱ्याचदा त्या कुटुंबालाही ट्रक थांबल्यावरच कळते.

या वृद्धाकडे एक तरुण शिष्य म्हणून आला. चित्रकलेची पदविका त्याने वरच्या क्रमांकाने मिळवली होती आणि लहान मुलांना शिकवावे अशी त्याची मनापासून इच्छा होती. मनापासून, हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. पुढे जे घडले ते त्याच्या आळसामुळे किंवा निष्काळजीपणामुळे घडले नाही. ते सगळे चांगुलपणातून घडले, आणि म्हणूनच ही कथा सांगताना मला दर वेळी अपराध्यासारखे वाटते.

पहिल्या दिवशी शिष्य कडेला बसून नुसता पाहत राहिला. वृद्धाने मुलांना विचारले, "आज काय काढू या रे?"

"ससा!"

वृद्धाने जुन्या फळ्यावर खडूने दोन लांब कान काढले. नुसते कान. खाली डोके नाही, धड नाही. कान आपले हवेत. तरी मुलांनी गलका केला, "ससा! ससा आला!" मग सावकाश गोल डोळे आले, पुढचे दोन दात आले, मिशा आल्या, आणि पोट यायच्या आत मुकादमाची हाक आली. मुले उठून पळाली. निम्म्या पाट्यांवर पोट नव्हतेच. एक पोर नुसते दोन कान काढलेली पाटी छातीशी धरून आईला दाखवायला गेले.

शिष्याला हे पाहवेना. वर्ग पांगल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, आधी वर्तुळं नकोत का? पोटाचं मोठं, डोक्याचं मधलं, शेपटीचं लहान. पुसट रेषेत सांगाडा उभा केला की मग कान आणि डोळे, आणि शेवटी जादाच्या रेषा खोडून टाकायच्या. कान आधी काढले तर प्रमाण कसं साधणार? मुलांच्या पाटीत डोकंच मावत नव्हतं."

"नव्हतं मावत," वृद्ध म्हणाला. "शाळेत असताना मीही वर्तुळंच शिकवायचो."

"मग इथे?"

"इथे कान आधी."

"पण का?"

वृद्धाने फळा पुसला आणि हात झटकले. "आज सांगितलं तर तुला पटायचं नाही. थोडे दिवस बघ, मग बोलू."

शिष्य बघत राहिला. वृद्धाच्या आणखी दोन गोष्टी त्याच्या ध्यानात आल्या. तो वर्गात खोडरबर कधी आणत नसे, आणि 'उद्या' हा शब्द मुलांसमोर कधी उच्चारत नसे. "राहिलेलं उद्या काढू हं," असे एकदा शिष्याच्या तोंडून निघाले तेव्हा वृद्धाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की शिष्य वरमला. आपले काय चुकले हे मात्र त्याला उमगले नाही. म्हाताऱ्या माणसाच्या लहरी असतात, अशी स्वतःची समजूत घालून त्याने तो विषय सोडून दिला.

पुढे थंडी वाढली आणि वृद्धाचा खोकला बळावला. डॉक्टरांनी त्याला धुळीत पाऊल ठेवायला मनाई केली. वर्ग शिष्याकडे आला. तोवर भट्टीवरची मुलेही बदलली होती. जुनी कुटुंबे ट्रकने गेली होती, नवी आली होती. गुरुजींनी काढलेले कान ज्यांनी कधी पाहिले नव्हते अशी मुले आता पत्र्याखाली बसत होती. शिष्याला आतून थोडे बरेच वाटले. आता नव्याने, रीतसर शिकवता येईल असे त्याला वाटले.

त्याने पदरमोड करून कागद आणले, पेन्सिली आणल्या, प्रत्येकाला एकेक खोडरबर दिले. तयार सशाचे चित्र मात्र त्याने मुद्दाम दाखवले नाही. पुरे चित्र आधी दिसले की मुले पायऱ्या गाळून थेट कानांकडे धावतात, असे त्याला पदविकेच्या वर्गात शिकवले होते. ससा शेवटी सगळ्यांसमोर एकदम प्रकटेल तेव्हा मुलांचे चेहरे कसे होतील, याचे चित्र त्याने मनात रंगवून ठेवले होते.

त्या मुलांत नवशी नावाची एक मुलगी होती. सहा-सात वर्षांची असेल. तिची धाकटी बहीण रंगी सदा तिच्या कडेवर असायची. चित्र काढायला बसताना नवशी रंगीला मांडीत घेई आणि तिच्या डोक्यावरून हात पुढे काढून कागदावर वाके. बाकीची मुले वर्तुळ काढताना मनगट फिरवत आणि वर्तुळाचा बटाटा होई. नवशी पेन्सिल जागच्या जागी धरून दुसऱ्या हाताने कागदच फिरवायची. तिचे वर्तुळ पहिल्याच फेरीत बंद व्हायचे. शिष्य थक्क झाला.

"हे कुणी शिकवलं गं तुला?"

"कुनी न्हाई. भाकर अशीच फिरवत्यात की."

मग तिने विचारले, "सर, ससा कवा व्हनार?"

"आधी वर्तुळं. पाया पक्का झाला की मग ससा."

"कसा असतो वो ससा?"

"पांढरा असतो. मऊ. गुबगुबीत."

नवशीने आपल्या तीन वर्तुळांकडे निरखून पाहिले. "गुबगुबीत तर झालाय."

"अजून व्हायचाय," शिष्य हसून म्हणाला.

"रंगीला कबूल केलंय मी, तुला ससा आनते म्हनून. रोज इचारती, आनला का. मी म्हनती उद्या."

"बरोबर सांगतेस. उद्या."

असे बरेच उद्या आले आणि गेले. रोज दुपारी वर्तुळे निघत, रोज खोडली जात. बाकीच्यांचे बटाटे सुधारेपर्यंत वर्गाला थांबावे लागत होते. नवशीला एकटीला पुढे नेता आले असते; शिष्याच्या मनात तसे येऊनही गेले. पण त्या मुलीच्या हातात त्याला पुढची मोठी चित्रकार दिसत होती. तिचा पाया यत्किंचितही कच्चा राहू नये असे त्याला वाटत होते, म्हणून तिच्याकडून त्याने इतरांपेक्षा जास्तच वर्तुळे काढून घेतली. ती तक्रार करत नसे. संध्याकाळी रंगी तिच्या खांद्यावरून मागे वळून शिष्याच्या पिशवीकडे टक लावून पाही, ससा त्या पिशवीतच असावा अशी तिची खात्री असावी.

शेवटी एका दुपारी सगळ्यांची वर्तुळे शिष्याच्या मनासारखी झाली. त्याने टाळी वाजवली. "उद्या कान! उद्या सगळ्यांचा ससा पुरा होणार."

नवशीने रंगीला उचलून गरगर फिरवले. "आयकलंस का गं रंगे? उद्या!"

दुसऱ्या दिवशी शिष्य जरा लवकरच आला. कानांच्या आतल्या बाजूसाठी त्याने गुलाबी खडू आणला होता. पत्र्याखाली मुले बसली होती, त्यांत नवशी नव्हती.

"नवशी कुठाय?"

"सकाळी टरक आला," एक मुलगी म्हणाली. "तिची समदी मानसं गेली."

शिष्य झोपड्यांच्या रांगेकडे धावला. नवशीची झोपडी होती तिथे चुलीचे दगड होते आणि थोडी राख. परत आला तेव्हा त्याला दिसले की पत्र्याखाली एका विटेवर पेन्सिल ठेवली आहे आणि पेन्सिलीशेजारी खोडरबर.

"नवशीनं दिलंय. सरांचं हाय म्हनली."

जे आपले नाही ते तिने परत केले होते. कागद मात्र ती घेऊन गेली होती. त्या कागदावर काय होते हे शिष्याला पक्के ठाऊक होते. बाकीच्या मुलांना त्या दिवशी कान द्यायचे होते, त्याचेही त्याला भान उरले नाही. मुले थोडा वेळ थांबली, एकमेकांकडे पाहत राहिली आणि विटा उलटायला निघून गेली.

संध्याकाळी तो वृद्धाच्या घरी गेला. वृद्ध खाटेवर उशीला टेकून बसला होता. शिष्याने सगळे सांगितले, काहीही लपवले नाही. वृद्धाने डोळे मिटून ऐकले.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "तुला पटलं नसतं तरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. अरे, आधी सांगाडा आणि मग प्राणी, ही रीत ज्याला उद्या आहे त्याची. शाळेतलं मूल उद्या त्याच बाकावर येतं, तीच वही उघडतं. त्याला आज नुसती वर्तुळं दिली तरी बिघडत नाही. इथल्या पोराला जे द्यायचं ते दिल्या क्षणी पुरं असायला हवं. दोन कान काढले की ससा झाला. मग हाक येवो, ट्रक येवो, त्याच्याजवळ ससा आहे. पोट राहिलं तर राहिलं. पोटावरून ससा कुणी ओळखत नाही."

"मग तिच्याजवळ आता काय आहे, गुरुजी?"

वृद्धाला खोकल्याची उबळ आली.

शिष्याने त्या रात्रीपासून एकच ध्यास घेतला. त्याने एका जाड कागदावर सुंदर ससा काढला. लांब कान, कानांत गुलाबी रंग, मोठे डोळे, दोन दात. तो पिशवीत घातला आणि नवशीचा शोध सुरू केला. नवशीला नाही, तर निदान रंगीला हा ससा मिळाला पाहिजे, असे तो स्वतःशी म्हणत राही.

प्रथम तो भट्टीच्या मालकाकडे गेला. मालक मोठा व्यापारी होता आणि माणूस काही वाईट नव्हता. त्याने शिष्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"नवशी?" तो आठवून पाहत म्हणाला. "नावानं नाही सांगता यायचं, मास्तर. आमच्याकडे जोडी येते. नवरा-बायको मिळून एक जोडी. हिशेब जोडीचा. पोरं आमच्या कागदावर नसतात."

"पण मुलं विटा उलटतात ना, शेठ?"

"खेळतात हो! मातीत वाढलेली पोरं, मातीशी खेळायचीच. त्याला काम कुठं म्हणायचं?" तो मोकळेपणाने हसला. त्याच्या मनात कपट नव्हते; त्याला खरोखरच तसे वाटत होते. शिष्याचा चहा तसाच गार झाला. व्यापाऱ्याने मुकादमाला फोन लावून दिला आणि मुकादमाने सांगितले की जोडी नदीच्या खालच्या अंगाला कुठेशी दिली आहे, नक्की ध्यानात नाही.

नदीच्या खालच्या अंगाला भट्ट्यांमागून भट्ट्या होत्या. शिष्य सुट्टीच्या दिवशी एकेक पालथी घालू लागला. उन्हे तापली तसा वृद्धाचा खोकला निवळला आणि तोही काठी टेकत बरोबर येऊ लागला. सगळीकडे तोच धूर, त्याच ओळी, तशीच कडेवर पोर घेतलेली एखादी मुलगी. दर वेळी शिष्य धावत जाई आणि दर वेळी ती दुसरीच कुणी निघे. नवशी इथे होती का म्हणून विचारले तर कुणी म्हणे होती, कुणी म्हणे तसल्या पुष्कळ असतात. शिष्याला जेवण गोड लागेना. इतकी मुले या नदीच्या काठाने पुढेपुढे सरकत आहेत आणि कुणाला कुणाचे नाव ठाऊक नाही, हे त्याने आजवर पाहिलेच नव्हते. आता डोळे मिटले तरी तेच दिसे.

मग एके दिवशी ते अशा भट्टीवर पोचले की जिच्यापुढे रस्ताच नव्हता. नुकत्याच पाडलेल्या विटांची लांबच लांब रांग उन्हात मांडलेली होती. एक मुलगी पाठमोरी, उकिडवी बसून काडीने एका ओल्या विटेवर काहीतरी काढत होती. तिचा हात फिरत नव्हता. ओली वीट फिरवता येत नाही, म्हणून ती स्वतःच बसल्या बसल्या विटेभोवती सरकत होती. विटेवर एक वर्तुळ उमटत होते, पहिल्याच फेरीत बंद होणारे.

"नवशी!" शिष्य ओरडला.

मुलगी वळली. ती नवशी नव्हती.

शिष्य तिच्याजवळ जाऊन बसला. विटेवर तीन वर्तुळे होती. एक मोठे, एक मधले, एक लहान. शेजारच्या विटेवरही होती. त्याच्या पुढच्या विटेवरही. त्याने मान वर करून पाहिले, तर रांगेतल्या कितीतरी विटांवर तीच तीन वर्तुळे होती.

"काय काढतेस?" त्याने विचारले.

"ससा."

"कुणी शिकवला?"

"नवशीनं. आमाला समद्यांना शिकवला. तिच्या रंगीला तर कवाच येतोय."

"रंगीला येतो?"

"व्हय. लई खूश असती रंगी. माजा ससा, माजा ससा म्हनती आन् काढती."

"कुठं आहेत त्या?"

"गेल्या की. टरक आला व्हता." तिने काडीने क्षितिजाकडे कुठेतरी दाखवले. "लई दिस झालं."

शिष्य विटेवर वाकला. मग तो म्हणाला, "ससा छान आलाय हं. पण सशाला की नाही, कान असतात. हे बघ." त्याने तिची काडी घेतली आणि मधल्या वर्तुळावर दोन लांब कान काढले.

मुलीने मान वाकडी करून ते पाहिले. मग तळहाताने ओल्या मातीवरून ते कान पुसून टाकले.

"ह्यो ससा न्हाई. नवशीनं असा न्हाई शिकवला."

"अगं, पण नवशीला मीच तर..." शिष्याने पिशवीत हात घातला आणि जाड कागद बाहेर काढला. तो पुरता बाहेर येण्याआधीच वृद्धाने त्याचा हात धरला आणि कागद परत पिशवीत ढकलला. मग काठी बाजूला ठेवून, गुडघ्यांवर हात देत, वृद्ध कसाबसा खाली बसला. भट्टीवरच्या मुलांपुढे कधी कानांवाचून ससा न काढलेल्या त्या माणसाने काडी घेतली आणि एका कोऱ्या विटेवर तीन वर्तुळे काढली.

"बरोबर आला का गं?" त्याने मुलीला विचारले.

मुलीने शिक्षिकेच्या गांभीर्याने तपासले. "शेपूट बारीक काढा जरा."

वृद्धाने शेपटीचे वर्तुळ अंगठ्याने पुसले आणि लहान काढले.

"आता आला," मुलगी म्हणाली आणि पुढच्या विटेकडे सरकली.

परतीच्या वाटेवर शिष्याचा संताप अनावर झाला. "तुम्हीच सांगता कान आले की ससा आला. आणि आज माझ्या हातात कान होते, तर तुम्हीच मला अडवलंत. का, गुरुजी?"

वृद्ध रस्त्याकडेच्या एका दगडावर टेकला. "कान दिले असतेस. मग? उद्या तू इथे आहेस? मी आहे? त्या पोरीला एवढंच कळलं असतं की आपल्याजवळचा ससा अर्धा आहे आणि नवशीनं आपल्याला फसवलं. नवशीला ठाऊक होतं की नाही, हे आता आपल्याला कधी कळायचं नाही. मला वाटतं, ठाऊक होतं. अजून व्हायचाय, अजून व्हायचाय असं तू तिला रोज सांगत होतास. पण रंगीला शब्द दिलेला होता आणि उद्या काही उजाडत नव्हता. तेव्हा तिनं वाट पाहणं सोडलं आणि हातात होतं त्यालाच ससा म्हटलं. तेवढंच तिच्याजवळ देण्यासारखं होतं, ते तिनं सगळ्यांना दिलं. ते मोडायचा अधिकार रोज येऊन काही नवं देणाऱ्याला. आपण तसे नाही."

"म्हणजे जे खोटं आहे ते खरं म्हणून तसंच राहू द्यायचं?"

"मला माहीत नाही रे," वृद्ध म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते पुसलेही नाहीत. "इतकी वर्षं मी कान शिकवले. त्यातला एकही ससा कुठं पोचलेला मी पाहिलेला नाही. कुठल्या पोराला आठवतो, कुठलं विसरलं, काही ठाऊक नाही. भट्टीवरून भट्टीवर पोचला तो तुझा, वर्तुळांचा. याला काय म्हणायचं ते तूच सांग."

दोघे अंधार पडायच्या आत नगरात परतले.

खरे सांगायचे तर वृद्धाचे ते म्हणणे मला आजही पुरते पटलेले नाही. त्या मुलीला कान दाखवायलाच हवे होते, तिने पुन्हा पुसले असते तर पुन्हा दाखवायला हवे होते, असे कधी कधी तावातावाने वाटते. मग ध्यानात येते की मी तरी दाखवून घरीच आलो असतो. तुम्हीही आला असता. सत्य सांगून घरी निघून येणे आपल्याला फार चांगले जमते.

शिष्य अजूनही पत्र्याखाली शिकवतो. वृद्ध आता नाही. शिष्य कान आधी काढतो, खोडरबर आणत नाही, आणि 'उद्या' हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. "सर, उद्या येनार का?" असे एखाद्या मुलाने विचारले तर तो दुसरा कान काढू लागतो. तो जाड कागद अजून त्याच्या पिशवीत आहे. कानांतला गुलाबी रंग घासून उडाला आहे. नवशी त्याला पुढे कुठेही भेटली नाही.

आणि त्या विटा? त्या रीतीप्रमाणे वाळल्या, भाजल्या, ट्रकात भरून नगरात आल्या. एका अंगावर तिथल्या भट्टीमालकाच्या नावाची अक्षरे, दुसऱ्या अंगावर तीन वर्तुळे. गवंड्याने त्यांवर सिमेंट थापले, मग गिलावा झाला, मग रंग लागला. आपल्या लेकराच्या खोलीत आपण हौसेने सशाचे चित्र लावतो, चांगले लांब कानांचे. त्याच भिंतीत, गिलाव्याच्या आत, आणखी एक ससा असू शकतो. त्याचे कान उद्या काढायचे होते.